मॅट वार्निश मारलं आणि रणगाडा पांढरा पडला

आषाढ लागला की ओळखीतल्या मॉडेलवाल्यांकडून दरवर्षी एकसारखे फोटो यायला लागतात. महिना-दीड महिना खपून केलेला प्लॅस्टिकचा छोटा रणगाडा असतो. रंग झाला, वॉश (खाचांत सावली बसावी म्हणून सोडलेला पातळ रंग) झाला, गंजाचे ओघळ झाले, चिखल झाला. चमक घालवायला म्हणून शेवटी मॅट वार्निशचा एक हात दिला आणि जेवून परत येऊन बघतात, तर टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, कुणी पीठ चाळल्यासारखं. फोटोखाली एकच ओळ: "दादा, हे काय झालं?"

उत्तर मला येतं, कारण हे माझं स्वतःचं तीनदा झालंय. सगळ्यात जिव्हारी लागला तो सेंच्युरियन रणगाडा. १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईतला, पूना हॉर्स रेजिमेंटच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा, 'फामागुस्टा' नावाचा, क्रमांक जेएक्स २०२. १६ डिसेंबरला हा रणगाडा जळाला आणि खेत्रपाल आतच गेले, वय २१. तो खरा रणगाडा आज अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. मी त्याचं १/३५ मापाचं मॉडेल करत होतो. डोंबिवलीतलं घर, जुलै महिना, रात्रीचे अकरा, बाहेर धो धो पाऊस, आणि वास कोंडू नये म्हणून मी गॅलरीचं दार सताड उघडं ठेवलेलं. लॅकरच्या (झपाट्याने उडणाऱ्या थिनरवरच्या) मॅट वार्निशचा स्प्रे मारला. दोन मिनिटांत डोळ्यांदेखत गडद हिरव्यावर साय धरली. घाबरून मी फडकं आणि थिनर घेऊन घासायला गेलो, आणि जे वाचलं असतं तेही घालवलं.

म्हणून आधी हे सांगतो: पांढरं दिसलं की काही करू नका. आज रात्री तरी नाही. पाण्यात विरघळणारी बरीच ॲक्रिलिक वार्निशं ओली असताना दुधट दिसतातच आणि वाळली की आपोआप स्वच्छ होतात. लॅकर असेल तर थर अजून मऊ आहे. त्याला फडकं लागलं की खरवड निघते. धूळ बसू नये म्हणून वर एखादं भांडं पालथं घाला, खाली बारीक फट ठेवा आणि झोपा.

सकाळी आधी निदान. सगळी गोची इथेच होते, कारण आपण पांढरं म्हणजे एकच आजार समजतो आणि कुणीतरी सांगितलेला एकच उपाय करतो. किमान सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी मॉडेलवर पांढऱ्या दिसतात, आणि एकीचा उपाय दुसरीचं वाटोळं करतो.

निदानाला तीन गोष्टी लागतात: टॉर्च, भिंग आणि व्हाइट स्पिरिटमध्ये (तेलरंगाच्या सौम्य थिनरमध्ये) जेमतेम ओलावलेला जुना ब्रश. टॉर्च आडवी धरून बघा की पांढरेपणा बसलाय कुठे. सगळीकडे सारखा आहे, की खळग्यांत आणि बोल्टच्या भोवती साचलाय, की डिकलच्या (आकडे-चिन्हांच्या चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याच्या) आकारात आहे, की सुपरग्लूने चिकटवलेल्या भागांभोवती? मग हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, खालच्या बाजूला, जिथे चुकलं तरी कुणाला दिसणार नाही तिथे, ओला ब्रश नुसता टेकवा. घासू नका; खाली इनॅमलचा वॉश असेल तर तो उठेल. ओलं असताना पांढरं पूर्ण नाहीसं झालं आणि वाळताच परत आलं, तर दोष पृष्ठभागावर आहे. तिथे खडबडीतपणा आहे किंवा वर भुकटी बसलीय, आणि प्रकाश विखुरतोय. ओलं करूनही पांढरं तसंच राहिलं, तर बहुतेक वेळा दोष थराच्या आत आहे. या एका चाचणीने अर्धं काम होतं.

थराच्या आतलं पांढरं

पावसाळ्यातले बहुतेक फोटो याच जातीचे असतात. इंग्रजीत याला ब्लशिंग म्हणतात आणि गाड्या रंगवणारेही तोच शब्द वापरतात. लाखेचं पॉलिश करणारा कुठलाही जुना कारागीर हे ओळखतो. आमच्या घरच्या कपाटाला पॉलिश करायला आलेल्या काकांनी भर श्रावणात काम घ्यायला सरळ नकार दिला होता. "पांढरं पडेल, दिवाळीच्या आधी बोलवा," एवढंच बोलले. तेव्हा मला वाटलं, टाळताहेत.

होतं असं. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिट लावलं की गार लागतं ना, तसंच थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. थिनर जितका झपाट्याने उडणारा, तितका पृष्ठभाग गार. आता आकडे बघा. खोलीत २७ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १५-१६ अंशांच्या आसपास येतो. मॉडेलचा पृष्ठभाग अकरा अंशांनी गार झाल्याशिवाय त्यावर दव धरणार नाही. त्याच २७ अंशांत आर्द्रता ८५ टक्के झाली की दवबिंदू २४ च्या वर जातो. म्हणजे पृष्ठभाग जेमतेम तीन अंशांनी गार झाला की हवेतलं पाणी त्यावर धरायला लागतं, तेही वार्निश अजून ओलं असताना. ते पाणी थरात अडकतं, रेझिन (वार्निशचा घट्ट होणारा भाग) नीट जुळून येत नाही, आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्या पांढऱ्या दिसतात.

स्प्रेच्या डब्यात हे जास्त होतं, कारण सलग मारत राहिलं की आतला वायू बाहेर पडताना डबाच गार पडतो आणि फवाराही थंड येतो. हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) थिनर वापरत असाल तर तेही एक कारण. ते झपाट्याने उडतं, म्हणजे जास्त गार करतं. प्रायमरसाठी आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) धुवायला ते झकास आहे, मीही लिटरने आणतो. शेवटच्या थराला मात्र नको.

उपाय सोपा आहे, फक्त घाई नको. अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट द्यायची. त्यासाठी थराचं तोंड पुन्हा किंचित उघडावं लागतं. कोरडा दिवस बघा, मॉडेल थोडं ऊबदार करा (कसं ते खाली सांगतो) आणि हळू उडणाऱ्या थिनरचा अगदी विरळ फवारा मारा. मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर यासाठी चांगलं, कारण त्यात रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारा घटक, असतोच. तामिया कंपनीचंही रिटार्डर असलेलं लॅकर थिनर मिळतं. पृष्ठभाग ओलसर दिसेल इतकंच, ओघळ येईल इतकं नाही. एक फेरी, दहा मिनिटं थांबा, बघा, गरज असेल तर दुसरी. पांढरं हळूहळू विरतं. पहिल्यांदा करताना जादू वाटते.

एक धोका आहे आणि तो कुणी सांगत नाही. लॅकर थिनर खालच्या इनॅमल वॉशलाही विरघळवतं आणि तेलरंगाच्या ओघळांनाही. फवारा जड झाला तर पांढरं जाईल, पण त्याच्याबरोबर महिन्याभराची मेहनतही पसरेल. म्हणून जिथे खूप काम झालंय तिथे मी नुसतं थिनर मारत नाही. कोरड्या दिवशी त्याच वार्निशमध्ये लेव्हलिंग थिनर जास्त घालून पातळ हात देतो; थर उघडतोही आणि लगेच बंदही होतो. आणि वार्निश पाण्यावरचं असेल, वाय्येहो कंपनीच्या वार्निशासारखं, तर लॅकर थिनरच्या वाटेला जाऊ नका. ते मॉडेल दोन-तीन दिवस कोरड्या ऊबेत ठेवा. तरीही धुरकट राहिलं तर वर चकचकीत वार्निशचा पातळ हात आणि मग मॅट.

पावसाळ्यात स्प्रे मारायचाच असेल तर

नोकरीवाल्या माणसाला छंदाला वेळ मिळतो रात्री, आणि आपल्याकडे सापेक्ष आर्द्रता सगळ्यात जास्त असते रात्री उशिरा आणि पहाटे, कारण तापमान उतरलेलं असतं. म्हणजे आपण नेमकी वाईटातली वाईट वेळ निवडतो. पावसाने उघडीप दिलेली दुपार, बारा ते तीन, ही त्यातल्या त्यात बरी. वार्निशपुरता तेवढा रविवार राखून ठेवा. ब्रशचं काम, वॉश, चिपिंग (उडालेल्या रंगाचे टवके दाखवणं) रात्री करायला हरकत नाही.

भिंतीवर एक आर्द्रतामापक टांगा. स्वस्त असतो, दोन-चार टक्के इकडेतिकडे दाखवतो, पण ६० आणि ८८ यांतला फरक नक्की दाखवतो. माझा स्वतःचा नियम: ६५ च्या वर काटा असेल तर लॅकरचं मॅट वार्निश नाही.

एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर चालवा, आर्द्रता भरपूर उतरते. इथे एक गंमत आहे. वास जाण्यासाठी एक्झॉस्ट पंखा लावला की तो खोलीतली कोरडी हवा बाहेर टाकतो आणि दाराखालच्या फटीतून बाहेरची ओली हवा आत ओढतो. तासाभराची कमाई काही मिनिटांत जाते. पण एक्झॉस्टशिवाय लॅकर मारणं म्हणजे फुप्फुसांशी वैर, तेही नको. मी असं करतो: खोली कोरडी करायची, रंग ढवळून, गाळून, एअरब्रशमध्ये भरून सगळी तयारी आधी ठेवायची, मग एक्झॉस्ट चालू, तोंडाला सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क, चार-पाच मिनिटांत काम उरकायचं आणि मॉडेल लगेच ऊबेच्या खोक्यात.

ते खोकं म्हणजे काही थोर यंत्र नाही. मोठ्या खोक्यात वरच्या बाजूला ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब, खाली आणि वर दोन-दोन भोकं, आत एक थर्मामीटर. बल्ब पुठ्ठ्यापासून लांब हवा आणि चालू ठेवून घराबाहेर जायचं नाही. आतलं तापमान ३५ ते ४० अंश पुरे. ४५ च्या वर नेऊ नका, पातळ भाग वाकण्याची जोखीम कशाला घ्यायची? हवा नुसती तापवल्याने काय होतं ते बघा: २७ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३७ अंशांवर नेली की तिचीच सापेक्ष आर्द्रता ४८ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढंच असतं, फक्त हवेची धरून ठेवण्याची ताकद वाढते.

पण खरी युक्ती वाळवण्यात नाही, वार्निश मारण्याच्या आधी मॉडेल तासभर त्या खोक्यात ठेवण्यात आहे. मॉडेलच ३५ अंशांवर असेल तर थिनरने ते चार-पाच अंशांनी गार केलं तरी २४ च्या दवबिंदूपर्यंत पोचतच नाही. हे कळल्यापासून माझं एकही मॉडेल या कारणाने पांढरं पडलेलं नाही. स्प्रेचा डबाही कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीचं पाणी. गॅसवर उकळतं भांडं ठेवून त्यात डबा सोडणारे महाभाग मी पाहिलेत. डबा फुटला की वार्निश छतावर बसतं, आणि ते नशीब चांगलं असेल तर. लॅकर मारताना त्याच खोलीत देव्हाऱ्यातला दिवा लागलेला नाही ना, तेही बघा. आमच्याकडे आईने सांजवात लावली की माझं दुकान बंद.

एअरब्रशवाल्यांसाठी आणखी एक. काँप्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतलं पाणीही टाकीत साचतं. पावसाळ्यात टाकीच्या तळाचा नळ सोडला की अक्षरशः चहाच्या पेल्याएवढं गढूळ पाणी निघतं. ते रोज काढा. ओलावा अडवणारा पारदर्शक सापळा काँप्रेसरवर बहुधा असतोच. जमल्यास दुसरा छोटा एअरब्रशच्या नळीजवळ लावा, कारण हवा नळीत गार होते आणि पाणी तिथेही सुटतं. वार्निशच्या थरात सर्वत्र साय न धरता सुटे गोल पांढरे ठिपके पडले असतील, तर संशय आधी या पाण्यावर घ्या.

पृष्ठभागावरचं पांढरं

ओल्या ब्रशच्या चाचणीत जे नाहीसं होतं ते हे. इथे हवामान निर्दोष, चूक आपल्या हाताची.

मॅट वार्निश मॅट असतं ते त्यातल्या बारीक भुकटीमुळे, बहुधा सिलिकाच्या. ती पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत करते, प्रकाश विखुरतो, चमक जाते. हीच भुकटी जास्त झाली की पांढरी दिसते. बाटली ठेवून दिली की ती तळाशी बसते. नुसती दोनदा हलवून वापरली तर पहिले दोन रणगाडे अर्धवट चमकतात आणि बाटलीच्या शेवटाकडचा तिसरा दुधात बुडवून काढल्यासारखा होतो. तेव्हा 'नवीन बाटली खराब निघाली' असं म्हणण्याआधी काडीने तळ खरवडून बघा. बाटलीत एक-दोन स्टीलच्या गोळ्या टाका आणि दोन मिनिटं घड्याळ लावून हलवा.

तामियाचं एक्स-२१ फ्लॅट बेस म्हणजे जवळपास ती भुकटीच. ते चकचकीत क्लिअरमध्ये थेंबांच्या हिशेबात घालायचं असतं. मी दहा थेंबांना दोनपासून सुरू करतो आणि तीनच्या वर जात नाही. 'अजून मॅट हवं' म्हणून निम्मं-निम्मं केलं की पीठच होणार. आणि एक्सएफ क्रमांकाचे रंग मुळातच मॅट असतात. त्यांत हे घालायची गरजच नाही.

थर जाड झाला तरी हेच होतं, फक्त खळग्यांत. बोल्टच्या भोवती, इंजिनाच्या जाळीत, अवजारांच्या मागे वार्निश साचतं आणि भुकटी तिथे गोळा होते. गडद हिरव्यावर हे लगेच डोळ्यांत भरतं. जर्मन पिवळट रणगाड्यावर तोच दोष धूळ म्हणून खपून जातो, म्हणून कित्येकांना वाटतं की आपलं वार्निश उत्तम आहे, आणि मग एक दिवस ते गडद हिरवा सेंच्युरियन करायला घेतात.

तिसरा प्रकार कोरड्या फवाऱ्याचा. लांबून मारलं, पंखा चालू होता किंवा दाब जास्त होता की वार्निशचे थेंब मॉडेलपर्यंत पोचेतो हवेतच वाळतात आणि भुकटी होऊन बसतात. बोट फिरवलं तर बारीक सँडपेपरसारखं लागतं. दहा-पंधरा सेंटीमीटरवरून, १५ ते २० पीएसआय दाबाने, पृष्ठभाग क्षणभर ओलसर दिसेल असं मारा. बरेचजण ओघळाच्या भीतीने लांबून मारतात आणि मग एप्रिलच्या कोरड्या दुपारीही पांढरं पडलं म्हणून चक्रावतात.

तिन्हींचा उपाय एकच आणि ऐकायला उलटा वाटतो: वर चकचकीत वार्निश मारा. तो खडबडीतपणा भरून निघतो, रंग एकदम गडद आणि जिवंत दिसतो, पांढरं गायब. एक-दोन दिवस वाळू द्या. मग मॅटचा पातळ हात, नीट ढवळलेला. कोरडा फवारा असेल तर चकचकीत मारण्याआधी जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच झाडून घ्या, सुटी भुकटी निघून जाते. एखाद्याच बोल्टभोवती असेल तर सगळ्या मॉडेलला हात लावायचं कारण नाही. तेलरंगातला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून तेवढ्याच खळग्यात सोडा. कॅमलचा आर्टिस्ट ऑइल कलर यासाठी पुरेसा आहे. वॉशचा वॉश होतो आणि पांढरंही झाकतं.

ठिकाणावरून ओळखू येणारी पांढरी

सुपरग्लूने चिकटवलेली फोटोएच (पातळ पत्र्यातून कोरलेली) जाळी, धातूची तोफनळी, पेरिस्कोपची काच यांच्या भोवती धुक्यासारखं वलय दिसलं तर वार्निश बिचारं निर्दोष आहे. सायनोॲक्रिलेटची, म्हणजे सुपरग्लूची, वाफ शेजारच्या ओलाव्यावर बसते आणि तिथे पांढरी घट्ट होते. गुन्हे अन्वेषणवाले बोटांचे ठसे याच वाफेने उठवतात. आपण पेरिस्कोपवर स्वतःचेच उठवतो. पावसाळ्यात हे जास्त. गोंद सुईच्या टोकाने, थेंबाच्या दशांशाने लावा आणि चिकटवल्यावर लगेच मॉडेल डब्यात कोंडू नका. झालंच असेल तर रंगीत भागावर वार्निशच्या पुढच्या हाताखाली ते बहुधा विरतं. काचेवर चकचकीत क्लिअरचा एक थेंब सोडा. काचा शेवटी लावायच्या आणि सुपरग्लूऐवजी पांढऱ्या गोंदाने चिकटवायच्या, हा खरा उपाय.

डिकलच्या बरोब्बर आकारात चंदेरी-पांढरं दिसलं तर खाली हवा अडकलीय. मॅट रंग खडबडीत असतो आणि डिकलची फिल्म त्यावर शिखरा-शिखरांवर टेकते. फामागुस्टाच्या क्रमांकाखाली माझंही झालं होतं. बारीक सुईने त्यात टोचे मारा, वरून मायक्रो सोलसारखं मऊ करणारं द्रावण सोडा, थांबा, पुन्हा सोडा. तीन-चार फेऱ्यांत बसतं. वार्निश आधीच मारून झालं असेल तर मात्र द्रावण आत जायला अवघड. टोचे मारून, दोन फेऱ्या करून जेवढं जमेल तेवढं, बाकीवर धूळ. पुढच्या वेळी डिकलच्या आधी चकचकीत हात द्या, एवढं लक्षात ठेवलं की बास.

डिकलच्या कडेभोवती किंवा चिखलावर फिकट कडक रेघा असतील तर तुमच्या पाण्याकडे बघा. बोअरच्या पाण्यातले क्षार गिझरच्या कॉइलवर बसतात तसेच मॉडेलवरही बसतात. डिकल भिजवायला, ॲक्रिलिक पातळ करायला आणि चिखल कालवायला पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा, एक बाटली वर्ष जाते. बसलेले क्षार ओल्या कापसाने बहुतेक निघतात, वार्निशच्या खाली गेले नसतील तोवर.

आणि पिगमेंट, म्हणजे रंगाची कोरडी पावडर. हे पांढरं आपण स्वतःच्या हाताने वाढून घेतलेलं असतं. कोरडी धूळ-पावडर छान दिसते, मग त्यावर फिक्सर (पावडर धरून ठेवणारं द्रावण) किंवा व्हाइट स्पिरिट सोडलं की ती ओली होऊन गायब झाल्यासारखी वाटते. अस्वस्थ होऊन आपण अजून पावडर टाकतो, अजून फिक्सर सोडतो. सकाळी सगळं वाळतं आणि रणगाडा सिमेंटच्या गोदामातून निघाल्यासारखा दिसतो, वर कडांना भरतीच्या खुणा. फिक्सर सोडल्यावर रात्रभर हात लावायचा नाही. जास्तीची पावडर व्हाइट स्पिरिटने ओलावलेल्या सपाट ब्रशने वरून खाली ओढत काढायची. कडेच्या खुणाही त्यानेच जातात. पिगमेंटवर मॅट वार्निश मारू नका, ते पावडर ओली करून तिचा जीवच घालवतं. वार्निश आधी, पिगमेंट सगळ्यात शेवटी. हाताळायचं मॉडेल असेल तर पट्ट्यांना आणि खालच्या भागाला फिक्सर द्या, वरच्या भागाची धूळ तेलरंगाने करा.

एक प्रकार अगदी उशिरा कळतो. मॉडेल झाल्यावर तीन महिन्यांनी डायोरामाच्या (मॉडेलभोवती उभारलेल्या देखाव्याच्या) तळावर, चहाच्या चोथ्यावर, खऱ्या मातीवर लवदार पांढरं येतं. ती बुरशी. माती आणि चोथा ओव्हनमध्ये किंवा कोरड्या तव्यावर भाजून घेतल्याशिवाय वापरू नका. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबरगोळ्या मात्र ठेवू नका. त्यांच्या काही प्रकारांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, खऱ्या रणगाड्याचा रंगही उन्हाने पांढुरका पडतोच की. पडतो. पण तो वरच्या आडव्या पृष्ठभागांवर जास्त, बाजूंना कमी, आणि ज्या कडांवर माणसांचे बूट-हात घासतात तिथे रंग गडद किंवा उघडा असतो. वार्निशचं पांढरं असा भेदभाव करत नाही, म्हणूनच ते खोटं दिसतं. आणि नमुना बघायला अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाणार असाल तर जरूर जा, पण आकार, वेल्डिंगच्या रेघा, ओतीव टरेटचा पोत बघायला. संग्रहालयातला रणगाडा पुन्हा पुन्हा रंगवलेला असतो. त्याच्या अंगावरचा मळ लढाईतला नसतो.

फामागुस्टाचं पुढे काय झालं ते राहिलंच. घासून गेलेल्या टरेटच्या उजव्या बाजूला मी प्रायमरपर्यंत खाली जाऊन पुन्हा रंगवलं, त्यात तीन आठवडे गेले. डाव्या बाजूला फडकं पोचलं नव्हतं. ती बाजू ऑक्टोबरच्या एका कोरड्या दुपारी, लेव्हलिंग थिनर जास्त घातलेल्या वार्निशच्या दोन विरळ फेऱ्यांत स्वच्छ झाली. मागच्या अवजारपेटीखाली बोटभर जागेत साय अजून आहे. तिथे ब्रश शिरत नाही आणि पेटी उपटायची माझी छाती नाही. बघणारे त्याला धूळ समजतात आणि मीही काही बोलत नाही.